जमीन थांबते, पाणी हलत राहते

पाटण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञानाच्या खोलीत खिडकीजवळ दोन फुटी काचेची टाकी होती. टाकीत दहाबारा गप्पी, चार मॉली आणि एक म्हातारा गुरामी. काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांना प्रयोग दाखवायला मी तिथे गेलो असताना भूकंपाचा एक लहानसा धक्का बसला. कोयनेच्या परिसरात ही नवलाई नाही. कपाटाची दारे वाजली, मुले सवयीने रांगेत बाहेर पडली, आणि हादरा तीनचार सेकंदांत संपलाही. दारातून मागे पाहिले तर टाकीतले पाणी मात्र या काचेवरून त्या काचेवर शांतपणे झुलत होते. टाकी काठोकाठ भरलेली. दर हेलकाव्याला थोडे पाणी काठावरून सांडत होते, आणि खाली जमिनीवर हवेच्या पंपाचा वायरबोर्ड पडलेला होता.

"सर, जमीन थांबली, मग पाणी का थांबत नाही?" एका मुलीने विचारले.

प्रश्न सोपा वाटतो. पण घरातली किंवा शाळेतली माशांची टाकी भूकंपासाठी कशी तयार ठेवायची, याचे बरेचसे उत्तर याच प्रश्नात आहे. वर्गात करता येईल अशा एका प्रयोगापासून सुरुवात करू.

सपाट तळाचा, साधारण ४० सेंटीमीटर लांबीचा एक ट्रे घ्या. त्यात ५ सेंटीमीटर पाणी भरा. ट्रेची एक बाजू बोटभर उचलून अलगद खाली ठेवा. पाणी या टोकाकडून त्या टोकाकडे जाईल आणि परत येईल. एक जाणे-येणे म्हणजे एक हेलकावा. असे दहा हेलकावे मोजा. घड्याळात ११ ते १२ सेकंद भरतील. पुन्हा जोरात करा, हळू करा. दहा हेलकाव्यांना लागणारा वेळ जवळजवळ तोच येईल. लंबकाप्रमाणेच पाण्यालाही स्वतःचा आवर्तकाल असतो. आता पाणी निम्मे करा, म्हणजे अडीच सेंटीमीटर ठेवा, आणि मुलांना आधी अंदाज करायला सांगा. पाणी कमी झाले म्हणजे ते चपळ होईल असे बहुतेक जण म्हणतात. प्रत्यक्षात दहा हेलकाव्यांना सुमारे १६ सेकंद लागतात. उथळ पाणी मंद झुलते, कारण उथळ पाण्यात लाटेचा वेग कमी असतो.

हा हिशेब बाझेलच्या मेरियन यांनी १८२८ मध्येच मांडला होता. गुरुत्व त्वरण आणि पाण्याची खोली यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग मिळतो. लाटेला ट्रेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचे असते, म्हणून लांबीच्या दुपटीला या वेगाने भागायचे. झाला आवर्तकाल. पुढे स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी हेच सूत्र जिनिव्हा सरोवराला लावून पाहिले. तिथले लोक सरोवराच्या या झुलण्याला 'सेश' म्हणत. ते नाव मग जगभर रूढ झाले. सत्तर किलोमीटरहून अधिक लांबीच्या त्या सरोवराचा एक हेलकावा सव्वा तासाच्या आसपास चालतो. ट्रे असो की सरोवर, खेळ एकच.

माशांच्या टाकीत मात्र हे सूत्र फसते. दोन फुटी टाकी म्हणजे लांबी ६० सेंटीमीटर, आणि पाणी ३० सेंटीमीटर खोल. सूत्र म्हणते आवर्तकाल ०.७ सेकंद. पण टाकीच्या एका टोकाला लाकडी फळी हळूच बुडवून-उचलून पाणी झुलवले आणि दहा हेलकावे मोजले, तर ९ सेकंदांच्या थोडे पुढे जातात. म्हणजे आवर्तकाल ०.९ सेकंद. (टाकीला मात्र ढकलू नका!) सूत्र चुकीचे नाही, ते उथळ पाण्यासाठी आहे. टाकी लांबीच्या मानाने खोल असल्यामुळे तळाजवळचे पाणी या झुलण्यात फारसा भाग घेत नाही. आडव्या बाजूने, म्हणजे ३० सेंटीमीटर रुंदीच्या दिशेने, हेच पाणी ०.६ सेकंदाला एक हेलकावा घेते. चार फूट लांब आणि दीड फूट पाणी असलेल्या मोठ्या टाकीचा आवर्तकाल १.३ ते १.४ सेकंद येतो. थोडक्यात, घरगुती टाकीचे पाणी एका सेकंदाच्या आगेमागे झुलते. हा एक सेकंद लक्षात ठेवा.

झोक्यावरच्या मुलाला आपण कधी ढकलतो? झोका मागे येऊन पुन्हा पुढे निघतो तेव्हा. ढकलण्याचा काळ आणि झोक्याचा काळ जुळला की हलक्या हातानेही झोका उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. भूकंपात जमीन एकाच तालावर हलत नाही. तिच्या हालचालीत वेगवान आणि मंद अशा अनेक कंपनांची सरमिसळ असते. जवळच्या, कमी खोलीच्या भूकंपात वेगवान कंपने जोरदार असतात. ती दूर जाताना लवकर विरतात. मंद कंपने मात्र शेकडो किलोमीटर टिकतात. म्हणूनच १७५५ च्या लिस्बन भूकंपात स्कॉटलंडमधले लोमंड सरोवर झुलले, आणि ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कात झालेल्या ७.९ प्रतीच्या भूकंपाने दोन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या सिअॅटल शहरातल्या तलावात नांगरलेल्या घर-नौकांचे नुकसान केले. जपानमध्ये २६ सप्टेंबर २००३ च्या तोकाची भूकंपात तोमाकोमाई इथल्या तेलाच्या प्रचंड टाक्यांतले तेल असेच झुलले. टाक्यांवर तरंगणारी झाकणे मोडली आणि आगी लागल्या. त्या टाक्यांचा आवर्तकाल कितीतरी सेकंदांचा होता, आणि दुरून आलेली मंद कंपने नेमकी त्याला जुळली.

आपली टाकी यांच्या मधे कुठेतरी बसते. पण ती सहसा जमिनीवर नसते. ती एखाद्या इमारतीत असते, आणि इमारतीलाही स्वतःचा आवर्तकाल असतो. अभियंत्यांचा एक ढोबळ ठोकताळा असा : मजल्यांच्या संख्येला दहाने भागा, तितके सेकंद. भिंती भक्कम असतील तर थोडे कमी. म्हणजे बैठ्या घराचा आवर्तकाल ०.१ सेकंदाच्या आसपास, आणि नऊदहा मजली इमारतीचा जवळजवळ एक सेकंद. तोच एक सेकंद! मुंबई-पुण्यातल्या उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन फुटी टाकी ठेवणाऱ्याने नकळत दोन झोके एका तालावर बांधून ठेवलेले असतात. जमीन इमारतीला झुलवते, इमारत टाकीला. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपाचे हादरे मुंबईतही जाणवले होते. अशा वेळी वरच्या मजल्यावर पंखे आणि टांगलेले दिवे झुलताना दिसतात. रस्त्यावरच्या माणसाला पत्ताही नसतो.

मग अशा वेळी माशांचे काय होते? कॅलिफोर्नियातले भूकंप अभियंते जॉर्ज हाउसनर यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत पाण्याच्या टाक्यांचा सोपा आणि सुंदर हिशेब दिला. टाकीतल्या पाण्याचे त्यांनी दोन भाग कल्पिले. खालचा भाग टाकीला जणू चिकटून, तिच्याबरोबरच हलतो. वरचा भाग स्प्रिंगला बांधलेल्या वजनासारखा स्वतःच्या तालावर झुलतो. दोन फुटी टाकीला लांबीच्या दिशेने हा हिशेब लावला तर साधारण निम्मे पाणी एका भागात आणि निम्मे दुसऱ्यात येते. मासा पाण्याइतक्याच घनतेचा असल्यामुळे तो पाण्याबरोबर हलतो. गोटी डब्यात आपटावी तसा काचेवर आपटत नाही. तळाशी बसलेला मासा तर झुलणाऱ्या पाण्याच्या खालीच असतो. माशाला धोका पाण्यापासून फारसा नाही. रचून ठेवलेले दगड कोसळणे, टाकी फुटणे, पाण्याबरोबर बाहेर फेकले जाणे, आणि नंतरचे काही तास, हे त्याचे खरे धोके. माणसाचे धोके वेगळे आहेत आणि ते अधिक गंभीर आहेत.

दोन फुटी टाकीत ५४ लिटर पाणी, म्हणजे ५४ किलो. ६ मिलिमीटर जाडीची काच ११ किलोच्या आसपास. वाळू, गोटे धरले तर एकूण ७५ किलो. हा भार आपण कशावर ठेवतो? पाऊण मीटर उंचीच्या, जेमतेम ३० सेंटीमीटर रुंदीच्या लोखंडी अँगलच्या स्टँडवर. सगळे वजन वर, पाय अरुंद.

अशी वस्तू केव्हा कलंडेल? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये काम करणाऱ्या जॉन मिल्न यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. भूकंपमापक उपकरणे नुकती कुठे तयार होत होती. मग स्मशानभूमीतल्या पडलेल्या आणि न पडलेल्या दगडी खांबांवरून जमिनीचे त्वरण काढायचे, असे ते करत. त्यांचे सहकारी प्राध्यापक वेस्ट यांनी दिलेले सूत्र सरळ आहे : पायाची निम्मी रुंदी भागिले गुरुत्वमध्याची उंची. उत्तर येते गुरुत्व त्वरणाच्या पटीत. वर्गात हे दाखवायला पाटावर एक काडेपेटी उभी करा आणि पाट हळूहळू तिरपा करा. ती ज्या कोनात पडते त्याचे 'टॅन' म्हणजेच हे गुणोत्तर.

आपल्या स्टँडचा हिशेब करू. टाकी आणि स्टँड मिळून गुरुत्वमध्य सुमारे ८४ सेंटीमीटर उंचीवर येतो. १५ भागिले ८४ म्हणजे ०.१८. गुरुत्व त्वरणाच्या १८ टक्के त्वरण आडव्या दिशेने मिळाले की मागचे पाय उचलू लागतील. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणातल्या उपकरणाने धरणाच्या लांबीच्या दिशेने ०.६३ पट त्वरण नोंदवले होते. आता हेही सांगितले पाहिजे की पाय उचलणे म्हणजे पडणे नव्हे. ते ०.६३ पट त्वरण एका क्षणापुरते असते. लगेच दिशा उलटते आणि वस्तू पुन्हा पायावर येते. १९६० च्या चिलीतल्या भूकंपात उंच, सडपातळ पाण्याच्या टाक्या उभ्या राहिलेल्या पाहून हाउसनर यांनी याचाही अभ्यास केला होता. पण घरच्या टाकीला पडावेच लागते असे नाही. एक पाय उचलून आपटला की काचेच्या सांध्यातले सिलिकॉन उलते, आणि तेवढे पुरते.

स्टँड ७५ ऐवजी ४० सेंटीमीटर उंचीचा घेतला तर हेच गुणोत्तर ०.२९ होते. दिसायला टाकी खाली जाते, बसून पाहावे लागते. मुलांना ते अधिक आवडते असा माझा अनुभव आहे. पण सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे स्टँडच्या वरच्या कडेला दोन लोखंडी एल पट्ट्या लावून तो भिंतीला स्क्रूने पक्का आवळणे. भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. नुसत्या गिलाव्यात किंवा प्लायवूडच्या पडदीत बसवलेला स्क्रू काही कामाचा नाही. टाकी स्वतः मात्र भिंतीला बांधू नये, काचेवर नको तिथे ताण येतो. तिच्याखाली आपण थर्माकोल घालतोच; स्टँडच्या चारही बाजूंनी इंचभर उंचीची लोखंडी किनार उठवून घेतली की टाकी घसरणार नाही. टाकी मोठी असेल तर वरच्या काठाला आतून काचेच्या पट्ट्या चिकटवून घ्याव्यात. त्या काचा फाकू देत नाहीत आणि उसळणारे पाणीही थोडे आत वळवतात.

पाणी काठापासून ५-६ सेंटीमीटर खाली ठेवा आणि वर झाकण असू द्या. त्या शाळेतली टाकी काठोकाठ भरली होती म्हणूनच पाणी सांडले. गोट्यांची गुहा करायची असेल तर मोठे दगड आधी तळाच्या काचेवर, पातळ थर्माकोलवर टेकवा आणि मग वाळू घाला. वाळूवर रचलेले दगड वाळू सरकली की कोसळतात.

आणि टाकी ठेवायची कुठे? बिछान्याच्या उशाशी नाही, दाराच्या वाटेवर नाही. कोयनेचा भूकंप पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झाला, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. दोन्ही वेळा माणसे झोपेत होती. अंधारात उठून धावणाऱ्याच्या पायाखाली काचा आणि पाणी येऊ नये, इतका विचार टाकीची जागा ठरवताना करावा. टाकी हलू लागली की धावत जाऊन तिला धरण्याचा मोह होतो. मोठ्या माणसांना होतो, मुलांना अधिकच. ७५ किलोची हलती काच हातांनी थोपवता येत नाही. मुलांना हे आधीच, शांतपणी, सांगून ठेवावे.

विजेकडे आपले सर्वांत कमी लक्ष असते. पंप, हीटर, दिवा यांच्या वायरी टाकीवरून उतरून थेट बोर्डात जातात, आणि वायरीवरून ओघळणारे पाणीही त्याच वाटेने थेट बोर्डात जाते. वायर आधी बोर्डाच्या खाली उतरू द्या, तिथे झोळ द्या आणि मग वर नेऊन प्लग लावा. ओघळ झोळाच्या तळाशी येऊन जमिनीवर ठिबकतो. बोर्ड भिंतीवर, टाकीच्या बाजूला हवा, खाली नको. घरात अर्थ लीकेज ब्रेकर असेल तर उत्तमच. हादरा थांबल्यावर ओल्या जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायचा, मगच टाकीत हात घालायचा. पाण्याची पातळी उतरून काचेचा हीटर उघडा पडला आणि तो चालूच राहिला, तर तापून तडकतो, हेही एक कारण.

याच्याच जोडीला वक्रनलिकेचा एक छुपा घोटाळा आहे, आणि त्याला भूकंपही लागत नाही. हवेचा पंप टाकीपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि वीज गेली, तर हवेच्या नळीत पाणी चढते, काठ ओलांडते आणि पंपात उतरते. कोणी लक्ष दिले नाही तर नळीचे टोक जिथवर बुडालेले असेल तिथवर टाकी रिकामी होते. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच फळीवर ठेवा, किंवा नळीत हवा एकाच दिशेने जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. बाहेर ठेवायच्या गाळणीची नळी हादऱ्याने निसटली तरी असेच घडते. तिच्या आतल्या पाइपला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर एक बारीक भोक पाडून ठेवले की पातळी तिथवर उतरताच हवा शिरते आणि धार तुटते. वक्रनलिका शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

आता भूकंपानंतरचे तास. जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात इवाकी गावातल्या 'अॅक्वामरीन फुकुशिमा' या मोठ्या मत्स्यालयाची मुख्य इमारत टिकली. पण वीज नव्हती, पाणी गाळणारी आणि फिरवणारी यंत्रणा बंद पडली, आणि पुढच्या काही दिवसांत सुमारे दोन लाख जलचर मेले. १५ जुलै २०११ रोजी मत्स्यालय पुन्हा उघडले खरे. टाक्या वाचल्या म्हणजे मासे वाचले असे होत नाही, हे त्या घटनेत फार ठळकपणे दिसले.

आपल्या टाकीतही हेच, लहान प्रमाणात. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात फार तर ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना ७.५. उन्हाळ्यात, दाटीवाटीच्या टाकीत, पंप बंद पडला की मासे तोंड वर करून पृष्ठभागाशी जमू लागतात. गुरामी किंवा फायटर मासा वरची हवा थेट घेऊ शकतो. गोल्डफिशला ती सोय नाही. बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असावा. नसेल तर तांब्याने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओता, दर थोड्या वेळाने, मुलांनी पाळी लावून. ऑक्सिजन पृष्ठभागातूनच येतो, म्हणून टाकी तडकली असेल तर माशांना अरुंद उंच बादलीपेक्षा पसरट टबात, टाकीतल्याच पाण्यात ठेवणे चांगले. खायला दोनतीन दिवस काहीही घालू नका. मासा उपाशी राहू शकतो; पण न खाल्लेले अन्न आणि विष्ठा यांतून निघणारा अमोनिया त्याला मारतो. एरवी हा अमोनिया गाळणीतल्या स्पंजवर वाढलेले जीवाणू पचवत असतात. त्यांनाही ऑक्सिजन लागतो. वीज लवकर येणार नसेल तर तो स्पंज बंद गाळणीत कोंडून न ठेवता टाकीच्याच पाण्यात मोकळा सोडावा. नळाखाली मात्र धुऊ नये. आपत्तीनंतर नळाच्या पाण्यात क्लोरीनचे प्रमाण बहुधा वाढवलेले असते, तेव्हा नवे पाणी थेट टाकीत नको. अँटीक्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, घालून ते वापरावे. त्याहून सोपे म्हणजे एक बादली मुरलेले पाणी नेहमीच झाकून ठेवलेले असावे.

हा विषय वर्गात काढलात तर एक प्रश्न हमखास येईल : माशांना भूकंप आधी कळतो का? जपानी लोककथेत जमिनीखालचा नामाझू नावाचा मार्जारमासा वळवळला की भूकंप होतो. १८५५ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, भूकंप झाल्यावर या माशाची चित्रे घरोघर विकली गेली. माशाच्या कुशीवरची पार्श्वरेषा पाण्यातली मंद कंपने टिपते, हे खरे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर, तर जोरदार हलवणाऱ्या दुय्यम लहरी सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतात. केंद्र ३५ किलोमीटरवर असेल तर दोहोंत चार सेकंदांचे अंतर पडते, आणि आपल्याला न जाणवलेली पहिली लहर माशाला जाणवू शकते. दिवस-दोन दिवस आधी कळते याला मात्र भरवशाचा पुरावा मिळालेला नाही.

त्या शाळेतल्या मुलांनी याची वही ठेवली होती. वर्षभरात मासे अस्वस्थ दिसल्याच्या नोंदी पुष्कळ झाल्या. त्यांतल्या बहुतेक सकाळी साडेदहाच्या, म्हणजे खाणे घालायच्या वेळेच्या होत्या. टाकी मात्र आता बुटक्या स्टँडवर, भिंतीला आवळलेली आहे, आणि पाण्याच्या कमाल पातळीवर कोणीतरी नेलपॉलिशने लाल रेघ ओढली आहे.